स्पर्धेतलं बक्षीस आणि धंद्यातलं गिऱ्हाईक: फोटोग्राफीत उभं राहणाऱ्यांसाठी एक धडा



जोगेश्वरी पूर्वेच्या आपल्या बॅचमध्ये एका मुलाने हात वर केला. इमारती आणि निसर्गाचे फोटो काढतो, हात चांगला आहे. वर्षभरात त्याने सात स्पर्धांना फोटो पाठवले. एन्ट्री फीचे मिळून १८,००० रुपये गेले आणि चार सर्टिफिकेटं आली. तो म्हणाला, "सर, आई विचारते, यातून मिळालं काय? मला उत्तर देता येत नाही."

वर्गात दोनचार जण हसले. मी हसलो नाही, कारण प्रश्न धंद्याचा होता आणि अगदी बरोबर होता. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून पूर्ण उत्तर इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक खरी गोष्ट: जेजुरी

"विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स" ही ऐतिहासिक वास्तूंच्या फोटोंची स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली. भारताने २०१२ मध्ये भाग घेतला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या सफदरजंग मकबऱ्याच्या फोटोला जगात पहिलं बक्षीस मिळालं. तो फोटो प्रणव सिंग यांचा होता.

आपल्यासाठी जास्त जवळचं वर्ष म्हणजे २०१७. त्या वर्षी पन्नासच्या वर देशांतून जवळपास अडीच लाख फोटो आले. पहिला आला तो आपल्या महाराष्ट्रातला: प्रशांत खरोटे यांनी काढलेला जेजुरीच्या खंडोबा मंदिराचा फोटो. उधळलेल्या भंडाऱ्याने सगळी हवा पिवळीधमक झाली आहे, आणि त्या पिवळ्या धुक्यातून मंदिर आणि माणसं दिसतात.

आता विचार करा. जेजुरी आपल्याला नवीन आहे का? घराघरात खंडोबा कुलदैवत आहे. नवरा-नवरीची जोडी दर्शनाला जाते आणि पिवळी होऊन परत येते. त्या गडावर दरवर्षी हजारो मोबाइल निघतात. मग हाच फोटो का लक्षात राहिला?

मला यात दोन धडे दिसतात. पहिला, दगडी वास्तू आणि तिथली जिवंत रीत एकाच फ्रेममध्ये आली. नुसती इमारत कोणीही काढतो. इमारत कशासाठी उभी आहे, हे दाखवणारे कमी असतात. दुसरा, विषय आपला होता. परदेशातला फोटोग्राफर जेजुरीला एकदा येईल. आपल्याला भंडारा कधी उधळला जातो, गर्दी कुठे होते, कुठल्या पायरीवर उभं राहायला मिळतं, हे माहीत असतं किंवा विचारता येतं. धंद्याच्या भाषेत हे तुमचं भांडवल आहे, आणि त्याला व्याज लागत नाही.

पण थांबा, अटी वाचल्या का?

ही स्पर्धा फुकट आहे. एन्ट्री फी शून्य. पण फोटो "क्रिएटिव्ह कॉमन्स" या खुल्या परवान्याखाली द्यावा लागतो. म्हणजे तुमचं नाव देऊन आणि परवान्याच्या अटी पाळून जगातलं कोणीही तो फोटो वापरू शकतं, धंद्यासाठीसुद्धा. एखाद्या टूर कंपनीने तो कॅलेंडरवर छापला तरी तुम्हाला पैसे मागता येत नाहीत. आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

मग देऊ नये का? द्या. पण समजून द्या. एका जागेचे तुम्ही ४० फ्रेम काढले असतील, तर त्यातली एक द्या आणि बाकीच्या हातात ठेवा. ती एक फ्रेम तुमचं नाव घेऊन फिरेल, बाकीच्या तुमचं घर चालवतील. मिठाईवाला दुकानाबाहेर चव बघायला एक तुकडा देतो, अख्खं ताट देत नाही.

स्पर्धांचे तीन प्रकार ओळखा

पहिला प्रकार: फुकट आणि नाव असलेल्या. वर सांगितलेली स्पर्धा यात येते. "सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्स"लाही एन्ट्री फी नाही, आणि फोटोचा कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. तिथे वास्तू आणि निसर्ग यांचे वेगळे विभाग आहेत. खुल्या गटात एकेक फोटो चालतो, व्यावसायिक गटात ५ ते १० फोटोंची मालिका लागते. मालिका करायची सवय आत्तापासून लावा. आर्किटेक्टला तुमचा एक भारी फोटो नको असतो. त्याला बाहेरची बाजू, जिना, खिडकीतला उजेड, लाकडाचा जोड असं सगळं एका हाताचं वाटेल असं काम हवं असतं.

दुसरा प्रकार: सलोन. इथे ज्युरी फोटो "स्वीकारते" किंवा नाकारते. आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासून आहे. देशपातळीवर फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ पासून आहे. आंतरराष्ट्रीय संघटना फियाप ठरावीक संख्येने स्वीकृती मिळवणाऱ्याला नावापुढे लावायची पदवी देते. यातून लगेच काम मिळत नाही, पण जुनेजाणते लोक तुमचा फोटो बघतात, चुका सांगतात. ही शाळा समजा आणि शाळेची फी म्हणूनच हा खर्च धरा.

तिसरा प्रकार: फी घेणाऱ्या खासगी स्पर्धा. यातल्या काहींना मान आहे. काहींमध्ये मात्र विभाग शंभर आणि "विशेष उल्लेख" भरमसाट, सर्टिफिकेट हवं तर त्याचेही वेगळे पैसे. फी भरण्याआधी तीन गोष्टी तपासा. ज्युरीची नावं दिली आहेत का? गेल्या वर्षीचे विजेते फोटो बघायला मिळतात का? आणि पाठवलेले सगळेच फोटो, न जिंकलेलेसुद्धा, आयोजक कायमचे वापरू शकतील अशी अट आहे का? तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर ती स्पर्धा नाही, स्वस्तात फोटो गोळा करायची युक्ती आहे.

आईच्या प्रश्नाचं गणित

त्या मुलाच्या एका छोट्या शूटमागे प्रवास, मदतनीस आणि एडिटिंगचा खर्च वजा जाता साधारण ३,००० रुपये उरतात. १८,००० भागिले ३,००० म्हणजे सहा. सहा शूटची पूर्ण कमाई स्पर्धांमध्ये गेली. मग या सर्टिफिकेटांमुळे किमान सहा नवी कामं आली का? त्याचं उत्तर होतं, एकही नाही.

दोष फोटोंचा नव्हता. मी विचारलं, "सर्टिफिकेट मिळाल्यावर कोणाला सांगितलं?" म्हणाला, "स्टेटसला ठेवलं." स्टेटस कोणी बघितलं? मित्रांनी आणि नातेवाइकांनी. त्यांच्यातल्या कोणाला इमारतीचे फोटो काढून हवे होते?

म्हणून नियम साधा ठेवा. स्पर्धांचा खर्च हा जाहिरातीचा खर्च आहे. वर्षाच्या सुरुवातीला आकडा ठरवा, तो संपला की त्या वर्षी फीवाली स्पर्धा बंद. पहिल्या वर्षी मी म्हणेन, फुकट स्पर्धांवरच भर द्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक

हा भाग दोनदा वाचा. समजा एका बिल्डरने पैसे देऊन तुमच्याकडून प्रोजेक्टचे फोटो काढून घेतले. त्यातला एक इतका छान आला की तुम्ही तो स्पर्धेला पाठवला. तो फोटो तुमचा आहे का?

भारताच्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये, याचं उत्तर आहे. कोणी मोबदला देऊन सांगितल्यावरून फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो सांगणारा असतो. म्हणजे बिल्डर. बटण तुम्ही दाबलं तरी. स्पर्धेच्या फॉर्मवर तुम्ही "हक्क माझे आहेत" असं लिहून देता, ते अशा वेळी खोटं ठरतं. जिंकलात तर बक्षीस जाऊ शकतं आणि गिऱ्हाईकही तुटू शकतं.

उपाय कोटेशनमध्येच आहे. खाली दोन ओळी टाका: "फोटोंचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. ग्राहकाला स्वतःच्या जाहिरातीसाठी, वेबसाइटसाठी आणि छपाईसाठी वापराचा हक्क राहील. छायाचित्रकार हे फोटो पोर्टफोलिओ व स्पर्धेसाठी वापरू शकेल." दोघांची सही घ्या. बहुतेक ग्राहकांना यात अडचण नसते, फक्त आधी सांगितलेलं हवं असतं. कोणी नाही म्हणालं तर हक्कासकट जास्त दर लावा. मोठं काम असेल तर मसुदा वकिलाला दाखवून घ्या.

उलट बाजूने एक दिलासाही आहे. इमारतीच्या डिझाइनवर आर्किटेक्टचा कॉपीराइट असला तरी तिचा फोटो काढून प्रसिद्ध केल्याने त्याचा भंग होत नाही, हे याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. पण आत शिरायला मालकाची परवानगी लागतेच, आणि कोणाच्या घराचा आतला फोटो त्याला न विचारता बाहेर काढू नका.

विषय शोधायला स्वित्झर्लंड नको

"सर, आपल्या जोगेश्वरीत आहे काय?" हे मी दर बॅचला ऐकतो. अहो, ज्या नावाने स्टेशन आहे ती जोगेश्वरीची लेणी साधारण सहाव्या शतकातली आहेत. पायऱ्या उतरून खाली गेलं की खांबांचा मोठा मंडप, आत शिवलिंग, देवीची पूजा आजही चालू, आणि लेण्याच्या माथ्याला भिडलेली वस्ती. दीड हजार वर्षांचा दगड आणि आजची मुंबई एका फ्रेममध्ये. जेजुरीचा धडा आठवा: वास्तू आणि तिथलं जगणं एकत्र.

जवळच अंधेरी पूर्वेला महाकाली लेणी आहेत. बोरिवलीकडे कान्हेरी आणि मंडपेश्वर आहेत. लोकलच्या एका पासमध्ये वर्षभर पुरेल इतका विषय आहे. पावसाळ्यात एकदा, हिवाळ्यात सकाळी एकदा, उत्सवाच्या दिवशी एकदा, असं एकाच जागी परत परत जा. बाहेर लख्ख ऊन आणि आत काळोख असतो, म्हणून एकाच फ्रेमचे कमी-जास्त उजेडाचे तीन शॉट घ्या. मात्र स्पर्धेत असे शॉट जोडलेले चालतात का, ते नियमात बघा. मूळ रॉ फाइल जपून ठेवा, बऱ्याच ठिकाणी निकालाआधी ती मागतात.

आणि हे पाळा: पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागी ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. पूजा चालू असेल तिथे आधी विचारा, मग कॅमेरा काढा. ड्रोनचं तर विसराच, असं म्हटलं तरी चालेल. जोगेश्वरी विमानतळाच्या जवळ आहे, त्यामुळे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर क्षेत्र बघून परवानगी घेतल्याशिवाय ड्रोन उडवू नका.

बक्षीस मिळालं. आता कामाला लावा

बक्षीस ही बातमी आहे, आणि बातमी लवकर शिळी होते. निकाल लागल्यापासून आठवड्याच्या आत तीन गोष्टी करा.

एक, २० नावांची यादी काढा: आर्किटेक्ट, इंटिरियर डिझायनर, काँट्रॅक्टर. ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट तुमच्या दाराशी आहे, तिथल्या दुकानांना दर काही महिन्यांनी नव्या मालाचे फोटो लागतात.

दोन, प्रत्येकाला वेगळा मेसेज पाठवा. बक्षिसाची एक ओळ, आणि त्याच्या कामाशी जुळणारे तुमचे तीन फोटो. फर्निचरवाल्याला लेण्याचा फोटो पाठवून उपयोग नाही. त्याला लाकडावर पडलेला उजेड दाखवा. बक्षिसामुळे तो मेसेज उघडेल, काम मात्र जुळणाऱ्या फोटोंमुळे देईल.

तीन, दर लगेच दुप्पट करू नका. जुन्या गिऱ्हाइकाला जुन्या दराने ठरलेलं काम पूर्ण करून द्या. नव्या कोटेशनमध्ये थोडी वाढ करा आणि बघा, किती जण हो म्हणतात.

हा मार्ग नवाही नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्यात डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी होते. त्याच काळात हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला, आणि त्यांचे फोटो १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात पोहोचले. स्टुडिओ रोजच्या गिऱ्हाइकासाठी, प्रदर्शन नावासाठी. दोन्ही एकत्र चालतं, पण स्टुडिओ बंद ठेवून प्रदर्शन चालत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. गेल्या १२ महिन्यांत स्पर्धांवर किती पैसे गेले ते लिहा. एका कामामागे उरणाऱ्या रकमेने भागा. आकडा वहीच्या पहिल्या पानावर ठेवा.
२. तुमच्या कोटेशनमध्ये कॉपीराइटच्या ओळी टाका. आजच.
३. घरापासून पाच किलोमीटरच्या आतली एक वास्तू निवडा आणि तिची आठ फोटोंची मालिका करा. किमान दोन फोटोंत माणूस हवा.
४. २० नावांची यादी तयार ठेवा. बक्षीस येण्याआधी यादी, बक्षीस आल्यावर मेसेज.

आणि त्या मुलाच्या आईला द्यायचं उत्तर? मी त्याला सांगितलं, आज खरं सांग: "अजून काही मिळालं नाही, कारण मी बक्षीस मिळवलं आणि गिऱ्हाइकाकडे गेलोच नाही." पुढच्या वर्षी हाच प्रश्न येईल तेव्हा तोंडी उत्तर देऊ नकोस, वहीतलं पहिलं पान दाखव.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गृहपाठ पूर्ण करा.