वाहून द्यायचं, पण कोणाला?

चि. सोनूस,


शिबिराहून आल्या आल्या तू राजीनामा लिहून ठेवलास आणि घरच्या ग्रुपवर ‘सगळं जीवन प्रभूला वाहिलं’ असं टाकलंस. त्यावर भराभर हात जोडले गेले, एका मावशीने हालेलुया लिहिलं, मामाने मात्र काहीच लिहिलं नाही. मामा रागावलाय, असा अर्थ तू काढलास म्हणे. तो रागावलेला नाही. आईकडून त्याला कळलं ते एवढंच, की शिबिरातले दादा म्हणाले ‘प्रश्न विचारणं हा अविश्वास आहे’, आणि महिनाअखेर त्यांच्याच गटात राहायला जायचं ठरलंय. वाहून देण्याला मामाची हरकत नाही. ते नेमकं कोणाच्या हाती जातंय, याची त्याला काळजी आहे. आपल्याच मराठी मंडळीत असं सर्वस्व वाहणारी माणसं होऊन गेली. शिबिरात त्यांची नावं घेतली गेली असतील, पण त्यांचे प्रश्न कोणी सांगितले नसतील.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला पोचल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात उपासमारीने गेलेली, पुढे भाऊ गेला, मग नवराही. पदरात मनोरमा ही लहान मुलगी. वाँटेजच्या मठातल्या भगिनींकडे त्या उतरल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला दोघी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. शिबिरात साक्ष सांगायची तर गोष्ट इथे संपते, टाळ्या पडतात. खरी गोष्ट इथून सुरू होते.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना जी पत्रं लिहिली, ती छापून उपलब्ध आहेत. त्या पत्रांत ही नवी ख्रिस्ती बाई वाद घालते. त्रैक्याचा सिद्धांत जसा शिकवला जातो तसा तिला पटत नाही. चर्चने सांगितलं म्हणून मान्य करायला ती तयार नाही; शास्त्रात कुठे आहे ते दाखवा, म्हणते. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृतात काय कमी आहे, हेही विचारते. मांसाहार तिने केला नाही, अंडं घातलेल्या पदार्थालाही हात लावला नाही. मठाला हा जुन्या जातीचा ताठा वाटला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी नको म्हटलं. त्यावर, माझ्याबद्दल निर्णय घेणारे हे कोण, अशा अर्थाचं उत्तर रमाबाईंनी दिलं. आश्रय त्यांचा, अन्न त्यांचं, आणि उत्तर हे!

सिस्टर जेराल्डिन वाईट बाई नव्हत्या, हेही सांगायला हवं. त्यांचा जीव होता रमाबाईंवर. पण ख्रिस्ताचं आज्ञापालन आणि आपलं आज्ञापालन यांत त्यांना फारसा फरक दिसत नव्हता, आणि रमाबाईंना तो लख्ख दिसत होता. तुझ्या दादांबद्दल मामाला याहून वाईट काही म्हणायचं नाही.

आता यातली दुसरी बाजू. पुढे आपल्या साक्षीत रमाबाईंनीच कबूल केलं, की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो अनुभव त्यांना १८९१ च्या सुमारास आला. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी. मधल्या काळात त्या बसून नव्हत्या. अमेरिकेत जाऊन उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, पैसा उभा केला, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ मुली-बायकांसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. मन पुरतं शांत झालेलं नव्हतं, काम मात्र चालू होतं. शिबिरात शनिवारी रात्री दिवे मंद करून, की-बोर्डच्या संथ सुरावर ‘आज आणि आत्ताच’ म्हणून जो आग्रह धरला जातो, त्याच्याशी ही आठ वर्षं ताडून पाहा.

मग १८९३ आलं. सदनातल्या मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून पुण्यात गहजब झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं. रमाबाई कोणाला जबरदस्तीने प्रार्थनेला बसवत नव्हत्या. पण स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घ्या, एवढी तडजोडही त्यांनी केली नाही. वाँटेजला जी बाई चर्चपुढे झुकली नाही, ती पुण्यात सुधारकांपुढेही झुकली नाही. मामाला पूर्ण समर्पण म्हणतात ते या सरळ रेषेत दिसतं.

शिबिरांत हिशेबाला कमी श्रद्धा समजतात, म्हणून केडगावचंही ऐक. अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी शारदा सदनाला दहा वर्षं मदतीचा शब्द दिला होता. तो १८९८ मध्ये संपणार, हे ओळखून रमाबाईंनी आधीच केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली, फळझाडं लावली. उद्या मदत बंद झाली तर बागेचं उत्पन्न हाताशी असावं, हा विचार. झाडं फळाला येण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. लहानपणी स्वतः उपाशी वणवण केलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुली-बायका घेऊन आली. बागेच्या जमिनीवर ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं जेवत होती. पुण्यात प्लेग होता तेव्हा सरकारी बंदोबस्तात बायकांचे जे हाल झाले, त्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती लोकांचं होतं, याने त्यांना काही फरक पडला नाही.

मुक्तीतल्या १९०५ च्या संजीवनाबद्दल, म्हणजे आत्मिक जागृतीबद्दल, तू ऐकलंच असशील. मुली मोठ्याने रडत प्रार्थना करत, आणि रमाबाईंनी ते थांबवलं नाही. त्याच आवारात तेलाचा घाणा होता, विणकाम होतं, गोठा होता, आणि छापखाना. तो मामाला सगळ्यात आवडतो. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून रमाबाई उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कानांनी त्यांना कमी ऐकू येई. दुष्काळातून आलेल्या मुली खिळे जुळवायला शिकल्या. एकेक अक्षर उचलायचं, ओळ बांधायची, कच्चा छाप काढायचा, चुका दुरुस्त करायच्या, पुन्हा छापायचं. असं अठराएक वर्षं. ज्या मनोरमेच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती १९२१ मध्ये वारली. रमाबाईंनी मुद्रितं तपासणं सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पूर्ण बायबल बाहेर आलं १९२४ मध्ये.

आता टिळक, कारण घराचं काय, हा तुझ्या आईचा प्रश्न त्यांच्या घरात सापडतो. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. माणूस मनस्वी. निर्णय त्यांचा, त्याची झळ पत्नी लक्ष्मीबाईंना. पाच वर्षं ताटातूट, पदरात मुलगा दत्तू, नातलगांच्या दारात दिवस. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाच, आणि टिळकांसाठी नव्हे, लक्ष्मीबाईंसाठी वाच. त्यांनी नवऱ्याची खोड काढायची एकही संधी सोडलेली नाही, आणि प्रेमही लपवलेलं नाही. त्या १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या ते नवरा म्हणाला म्हणून नव्हे. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांचं त्यांना उमगल्यावर. टिळकांनी पुढे १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही त्यात यावेत, ही त्यांची कल्पना. दोनच वर्षांत ते गेले. त्यांनी अर्धवट ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून काढलं, आणि त्याचा मोठा भाग लक्ष्मीबाईंचाच आहे.

टिळकांनी नोकरी सोडली, हे तू मामाला ऐकवशील. सोडली खरी, पण पंचावन्न वर्षांचे असताना, बावीस वर्षं ख्रिस्ती राहून काम केल्यावर, आणि दुसऱ्या कोणाच्या गटात भरती होण्यासाठी नव्हे. तरीही घराचा भार कोणावर पडला, ते लक्ष्मीबाईंना विचारावं. तुझ्या घराचा हप्ता अजून चालू आहे आणि आईची पेन्शन किती आहे ते तुला माहीत आहे.

तेव्हा मामाचं म्हणणं असं. राजीनामा मार्चपर्यंत ड्रॉवरमध्ये राहू दे. रोज सकाळी वचन वाचतोस ते चालू ठेव, आणि पगारातला जो भाग प्रभूचा म्हणतोस तो न सांगता काढत जा. दादांना तीन गोष्टी सरळ विचार: गटाचा हिशेब कोण तपासतं, मधेच सोडून गेलेल्या मुलांबद्दल काय बोललं जातं, आणि आपल्या पाळकसाहेबांशी बोलून यायला त्यांची हरकत आहे का. विचारल्यावर ते चिडले, तर ते उत्तरच समज. शांतपणे बसून कागद दाखवले, तर मामा स्वतः येऊन त्यांना भेटेल आणि आपला संशय मागे घेईल.

दुसऱ्या शनिवारी सुट्टी असेल तर केडगावला जाऊ. पुण्याहून दौंडकडे जाणारी सकाळची गाडी तिथे थांबते. मुक्ती मिशन अजून चालू आहे. आधी फोन करून परवानगी घ्यावी लागेल, ते मामा बघतो. आईलाही घेऊन ये. डबा ती करेलच, तू फक्त तिकिटं काढ.

तुझा,
मामा