खुंट्या ठोकण्याआधी

पालघरच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात किनारा किती झिजतोय ते मोजायला एका संस्थेची मंडळी आली. गावाशी बोलणी करून देण्याचं काम माझ्याकडे होतं. डिसेंबरात त्यांनी वाळूत लोखंडी खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या सकाळी एकही जागेवर नव्हती. साहेब लोक चिडले. पण या खुंट्यांवरून कायद्याची भरतीरेषा ठरेल, हे गावाचं भय उगाच नव्हतं. २०१९च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर २०० मीटर 'ना विकास क्षेत्र' आहे. रेघ सरकली की नवं घर अडलं, एवढं कायदा न वाचताही लोकांना कळतं. कायद्याची भरतीरेषा चेन्नईचं राष्ट्रीय केंद्र ठरवतं, आपली रेघ फक्त अभ्यासाची, हे पहिल्याच दिवशी लेखी द्या. ग्रामसभेत सांगाच, मच्छीमार सोसायटीतही सांगा.

पहिला नकाशा डिसेंबर आणि ऑगस्टची मापं जोडून झाला. सगळा किनारा लाल, म्हणजे झिजलेला! एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, नुसतं बघून म्हणाला, "पावसात वाळू आत जातेच, दिवाळीनंतर परत येते." खरंच आहे ते. पावसाळी लाटा वाळू ओढून पाण्याखाली तिचा बांध घालतात, शांत लाटा ती परत आणतात. झीज सांगायची तर दरवर्षी त्याच महिन्यातली मापं वर्षानुवर्षं जुळवावी लागतात. नकाशा बाहेर धाडण्याआधी तो गावातल्या जाणत्यांसमोर पसरा. तो लाल नकाशा तसाच वर्तमानपत्रात गेला असता तर गावात कुणी आम्हाला उभं केलं नसतं.

बैठकीची तारीख तिथी बघून ठरवा. उधाणाच्या पाण्याला ओढ असते, डोल जाळी तेव्हाच लावतात. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास ओढ कमी असते तेव्हा, तांडेल घरी सापडतो. आणि नुसत्या पुरुषांना विचारून उठू नका. वलांड्यांवर बोंबील सुकवणाऱ्या बायका रोज किनाऱ्यावर असतात. वलांडी किती वेळा मागे घ्यावी लागली, हे मावश्या वर्षानिशी सांगतात. असली नोंद कुठल्याही उपग्रहाकडे नाही. फक्त त्यांना सकाळी बोलावू नका, तेव्हा त्या बाजारात असतात.

राहता राहिला पैसा. होडीचं भाडं, डिझेल, मोजणीला येणाऱ्याचा रोज, मराठीत अहवाल छापण्याचा खर्च, हे सगळं प्रस्तावातच लिहा. निधी मंजूर झाल्यावर त्यात नवं कलम घुसवणं जवळपास अशक्य असतं.