उकिरडा, शेणखत आणि साथीतला कचरा



ऊस विकास अधिकाऱ्याने दवाखान्याच्या कचऱ्यावर लिहायचे काय कारण, असे काहीजण विचारतील. कारण उकिरड्यातच आहे. पेडगाव शिवारात घरचा केरकचरा उकिरड्यावर जातो आणि उन्हाळ्यात उकिरडा उपसला की गाडीने शेतात पडतो. म्हणजे दारात जे फेकले, ते सरीत येते. पुढे त्याच सरीत ऊसतोडीची टोळी उतरते, त्यातली कित्येक माणसे अनवाणी असतात.

2020 साली करोनाची साथ आली आणि कचऱ्याची जातच बदलली. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. शहरात हॉटेले, कार्यालये बंद पडली, तिथला कचरा घटला आणि घरातला वाढला. आपल्याकडे लग्ने मोजक्या माणसांत उरकली, त्यामुळे पंगतीच्या पत्रावळी-द्रोणांचे ढीग दिसेनासे झाले. त्यांच्या जागी मास्क, हातमोजे, गोळ्यांची रिकामी पाकिटे, सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या. (सॅनिटायझर त्या वेळी राज्यातल्या बऱ्याच साखर कारखान्यांच्या आसवन्यांनीही बनवले, हे सभासदांना आठवत असेल.) वजनाला हा माल किरकोळ, पण कुजणारा नाही.

दवाखान्यांकडचा हिशेब मोठा आहे. साथीपूर्वी देशात रोज सुमारे 600 टन दवाखानी कचरा निघे. मे 2021 मध्ये एकट्या करोनाचा कचरा रोज 200 टनांच्या घरात गेला. पुढे लसीकरण आले. जगात 8 अब्ज मात्रा दिल्या गेल्या, त्यातून सिरिंज, सुया व त्यांचे डबे मिळून 1 लाख 44 हजार टन कचरा झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 चा अंदाज आहे. साथ ओसरली तरी असला कचरा मागे राहतो.

आता मास्कचे बघा. दवाखान्यातला निळा मास्क कापडासारखा दिसतो, पण असतो पॉलिप्रॉपिलीनचा. युरियाची विणलेली गोणी बहुधा त्याच जातीची. गोणी शेतात पुरून कुजते का? मग मास्कही नाही कुजत. जुन्या प्लेगात घरातले अंथरूण-पांघरूण जाळीत, तेव्हा ते सुती होते, त्याची राख होई. आज चुलीत नाहीतर पाचटाच्या जाळात प्लॅस्टिक टाकले तर विषारी धूर निघतो. दवाखानी कचरा जाळायच्या भट्टीत धुराच्या कोठीला 1000 ते 1100 अंश उष्णता लागते. ती आपल्या बांधावर कुठून येणार?

फेकलेला मास्क परत बाजारात येतो तो आणखी धोका. एप्रिल 2021 मध्ये जळगावच्या औद्योगिक वसाहतीत गाद्यांमध्ये कापसाऐवजी वापरलेले मास्क भरताना पोलिसांनी पकडले. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने घरच्या मास्कबाबत सांगितले होते, की ते कापावेत, कागदी पिशवीत 72 तास वेगळे ठेवावेत आणि मग सुक्या कचऱ्यात द्यावेत. विषाणू तोवर मरतो, आणि कापलेला मास्क कोणी पुन्हा वापरीत नाही.

खरी भीती सुईची आहे. मास्क पायात शिरत नाही, सुई शिरते. साथीत घरीच सलाइन-इंजेक्शने घेतलेली कुटुंबे गावोगाव होती, आणि मधुमेहाची सुई तर आजही बऱ्याच घरांत रोज वापरात आहे. दवाखान्यात सुईला पांढरा, न टोचणारा डबा असतो, बाटलीच्या काचेला निळा. घरात तेवढे नको. जाड प्लॅस्टिकची झाकणाची बरणी पुरे. सुया तीत टाकाव्यात, बरणी पाऊण भरली की झाकण चिकटवून उपकेंद्रातल्या सिस्टरना विचारून त्या सांगतील तिथे द्यावी. जनावरांच्या इंजेक्शनच्या सुयाही गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवू नयेत.

अडसालीच्या लागणीसाठी खत ओढण्यापूर्वी उकिरडा फावड्याने सरळ गाडीत न भरता दाताळ्याने पसरून पाहावा. हाताने चाळू नये. काच, सुई, मास्क, पाकिटे निघतील ती बाजूला काढावीत, आणि मगच गाडी भरावी. एका गाडीला अर्धा तास जास्त लागेल.