गेलेले अंग व उरलेला नेम

संगमनेर परिसरात कीर्तन आटोपल्यावर मंडळी पाया पडावयास येतात, तेव्हा एक प्रश्न पुष्कळदा आमच्यापुढे येतो. "महाराज, इतक्या वाऱ्या पायी केल्या, आता अर्धांग गेले. गोरोबाकाकांचे हात परत आले, मग आमचाच पाय का येत नाही?" प्रश्न खरा आहे, तो टाळू नये.

प्रथम शोकाचा विचार करू. जन्मतःच अंग उणे असणे वेगळे आणि पन्नाशीत उणे होणे वेगळे. येथे दुःख दोन. एक अंगाचे, दुसरे आठवणीचे. दुसरे जास्त बोचते. अशा माणसाला लगेच 'देह नाशिवंत' म्हणून सांगत बसू नये. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग. अर्जुन मन मोकळे करतो, भगवंत ऐकून घेतात. उपदेश पुढे दुसऱ्या अध्यायात. विषादालाही तेथे योग म्हटले आहे! आणि 'मागल्या जन्मीचे पाप भोवले' हे बोलणे तर सर्वस्वी वर्ज्य. प्रारब्धाचा सिद्धांत आपले मन निवविण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या जखमेवर मीठ चोळण्यासाठी नव्हे.

आता तेरच्या काकांची कथा. आपण तिचा शेवट धरून बसतो. मधला भाग पाहा. हात गेले, चाक थांबले. तेव्हा पांडुरंग चाकर होऊन घरी राहिला, मडकी घडवू लागला. ती मदत काकांनी घेतली. मग थोट्या हातांनीच ते पंढरीस नामदेवरायांच्या कीर्तनाला गेले. 'आधी हात दे, मग येतो' अशी अट घातली नाही. हात फुटले ही देवाची कृपा. हातांवाचून कीर्तनाला गेले ही काकांची भक्ती. पहिले आपल्या स्वाधीन नाही, दुसरे आहे.

अलीकडचे उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा देह निकामी झाला. मुष्टियुद्ध सुटले ते सुटलेच. पण ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले.

आपली प्रवराच पाहा ना. भंडारदऱ्याला १९२६ साली धरण पुरे झाले, खाली ओझरला बंधारा. पात्रातले पाणी अडले, पण पाटांनी शेतोशेती गेले.

म्हणून पायांची वारी राहिली तर नेमाची वारी धरावी. टाळ धरवत नसेल तर मुखाने नाम घ्यावे. निवृत्तिनाथांची पालखी तालुक्यात पारेगावी मुक्कामाला येते, तेथे गाडीने जावे; त्यात कमीपणा कसला? दिंडीकरांनीही अशा माउलीला 'बिचारा' म्हणून कडेला बसवू नये. नवख्यांना चाली शिकवणे, दिंडीचा हिशेब ठेवणे, असे काम द्यावे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. सरकारी दाखला जरूर काढावा. देवाने घडविलेली मडकी काकांनी परत केली नाहीत, हे विसरू नये.

रडू पुन्हा येईल. आषाढी जवळ आली, टाळ वाजू लागले की हमखास येईल. येऊ द्यावे. डोळे पुसावे आणि हरिपाठाला बसावे. नेम तेवढा मोडू नये.

रामकृष्णहरि.