दूरस्थ कन्सोलची निवड : तीन कसोट्या

अनेक कार्यालयांचे दप्तर आज क्लाउडवरील आभासी संगणकांत असते. हे संगणक ब्राउझरमधून हाताळण्याचे साधन म्हणजे रिमोट कन्सोल. त्याची निवड तीन कसोट्यांवर करणे इष्ट ठरते.

पहिली कसोटी प्रवेशाची. एसएसएचचे २२ व आरडीपीचे ३३८९ ही पोर्ट इंटरनेटवर सर्वांना खुली ठेवणे म्हणजे दप्तरखान्याचे दार सताड उघडे टाकणे होय. अपाची ग्वाकामोले या मुक्तस्रोत प्रणालीत ब्राउझर केवळ मधल्या सर्व्हरशी जोडला जातो. आभासी संगणक खाजगी नेटवर्कमध्येच राहू शकतात. ही प्रणाली एसएसएच, आरडीपी व व्हीएनसी या तिन्ही पद्धती जाणते. नोव्हीएनसी मात्र केवळ व्हीएनसीच.

दुसरी कसोटी जबाबदारीची. सर्वांचा पासवर्ड एकच असल्यास कोणी काय केले हे ठरविता येत नाही. म्हणून प्रत्येकास स्वतंत्र खाते व दुहेरी पडताळणी हवी. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकप्रणालींचे लॉग १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे.

तिसरी कसोटी संकटकाळाची. आभासी संगणकाचे नेटवर्कच बिघडल्यास ग्वाकामोलेही तेथवर पोहोचत नाही. अशा वेळी क्लाउड पुरवठादाराचा सीरियल कन्सोल उपयोगी पडतो. तो असल्याची खात्री सेवा घेतानाच करून त्याची चाचणी घ्यावी; कारण कार्यालयाचे काम ठप्प झाल्यावर त्याचा शोध घेण्यास सवड नसते.