वैद्यकेच्छु विद्यार्थ्याने किती विषय घ्यावे?

दहावीचा निकाल लागला की पालकांपुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो: मुलास अथवा मुलीस डॉक्टर व्हावयाचे असेल, तर अकरावीत जीवशास्त्राबरोबर गणितही घ्यावे काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०२५ सालच्या ‘नीट’ परीक्षेत १८० प्रश्न होते. पैकी जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी ४५. गणिताचा एकही नव्हता. तथापि गणित सोडल्यास अभियांत्रिकीच्या बहुतेक वाटा बंद होतात. शिवाय भौतिकशास्त्रातील उदाहरणे गणिताच्या सरावाने सुकर होतात. तेव्हा दोन्ही पक्षांत तथ्य आहे.

आमच्या मते निर्णय शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून न करता अनुभवाने करावा. विषय बदलण्याची मुदत आधी विचारून घ्यावी. तोवर सर्व विषय मनःपूर्वक अभ्यासावे. रोजचा पाठ रोज उजळून पुरेशी झोप मिळत असेल, तर गणित खुशाल ठेवावे. पाठ आठवड्यामागून आठवडा तुंबत गेले, तर ते सोडण्यात कमीपणा नाही.

आपल्याच जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात नवागत विद्यार्थी आरंभी काही दिवस आश्रमात राहून सूतकताई व श्रमदान करतात. वैद्यास ग्रंथांइतकेच धडधाकट शरीर व सेवाभावी मन लागते, हेच यातून शिकावे.

कापसाची गाडी भरताना शेतकरी बैलांची शक्ती पाहतो. कारण माल बाजारी पोहोचावयाचा असतो. विद्यार्थिमित्रहो, तुम्हीही तसेच करा.