पिवळा दिवा आणि वाढलेलं ऑइल

प्रश्न : माझी 2021 सालची डिझेल एसयूव्ही आहे. घर कोथरूडला, ऑफिस डेक्कनला, गाडी तेवढीच चालते. मध्यंतरी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, ‘हायवेला घाला, वीसेक मिनिटं पळवा, जाईल.’ आणि खरंच गेला! गाडी बिघडल्यावर ती पळवायची, हे कुठलं औषध? शिवाय डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइल कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्याही वर. ऑइल वाढतं कसं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : औषध बरोबर होतं. आणि तुमचे दोन्ही प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत.

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 नियम लागू झाले. त्याआधी प्रवासी डिझेल गाडीला एका किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅम काजळीचे कण सोडायची मुभा होती, ती एकदम साडेचारवर आली. म्हणून धुराच्या वाटेत फिल्टर बसला. गॅरेजमध्ये त्याला सरळ ‘डीपीएफ’ म्हणतात. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या सिरॅमिकच्या बारीक नळ्या असतात, पण प्रत्येक नळीचं एक तोंड बंद. त्यामुळे धुराला भिंतीतून पाझरूनच बाहेर पडावं लागतं आणि काजळी आत अडकते.

ही काजळी जाळावी लागते. हायवेवर इंजिनावर सलग भार असला की धूर चांगला तापतो आणि थोडी काजळी आपसूक जळत राहते. कोथरूड ते डेक्कन हा प्रवास असा, की इंजिन धड तापेपर्यंत तुम्ही पार्किंगमध्ये पोचता. काजळी साचते. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक सेन्सर मोजत असतो. तो वाढला की गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच सफाई काढतो : नेहमीच्या स्फोटानंतर सिलिंडरमध्ये थोडं जादा डिझेल फवारतो, ते पुढे जाऊन जळतं आणि फिल्टर सुमारे 600 अंशांपर्यंत तापतो. तेव्हा काजळीचा वायू होऊन निघून जातो. या कामाला दहा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात तुम्ही चावी फिरवली, की काम अर्धवट. असं वारंवार झालं की तो दिवा लागतो.

आता ऑइल. हे जादा डिझेल फवारलं जातं तेव्हा पिस्टन खाली गेलेला असतो. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं आणि रिंगांमधून झिरपत खाली ऑइलमध्ये उतरतं. लांबच्या प्रवासात सफाई क्वचित लागते, म्हणून ते जाणवत नाही. तुमच्या गाडीत मात्र सफाई सुरू होते, तुटते, पुन्हा सुरू होते. दर खेपेला थोडं डिझेल खाली. डिपस्टिकवर वाढलेलं दिसतं ते ऑइल नव्हे, डिझेल आहे. असं पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगांना नीट वंगण देत नाही, आणि दुरुस्तीच्या बिलात टर्बो हा शब्द कुणालाच नको असतो. तेव्हा पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता ऑइल आणि ऑइल फिल्टर आत्ताच बदलून घ्या. वरचं थोडं काढून पातळी जुळवून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. उरलेलं पातळच राहणार.

नवं ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचंच हवं. काजळी जळते, पण इंजिनात जळालेल्या ऑइलची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून डीपीएफच्या गाड्यांना कमी राख सोडणारं ऑइल लागतं. इथे चार पैसे वाचवणं महागात पडतं.

सफाई चालू आहे हे ओळखता येतं. उभ्या गाडीचा आरपीएम जरा चढलेला असतो, मायलेज अचानक घसरतं, गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहतो. असं दिसलं तर लगेच बंद करू नका, एक फेरी मारा. रविवारी पहाटे चांदणी चौकातून खेड शिवापूरच्या दिशेने जाऊन या, खालच्या गिअरमध्ये, इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर ठेवून. त्यासाठी वेग वाढवायची गरज नाही. वाळलेल्या गवतावर मात्र तेव्हा गाडी उभी करू नका. दिवा लागूनही दुर्लक्ष केलं तर गाडी जोर कमी करते. मग स्कॅनर लावून गॅरेजमध्येच सफाई करावी लागते.

‘डीपीएफ काढून टाकू, कटकट संपेल’ असा सल्ला मिळेलच, आपल्याकडे तो फुकट मिळतो. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी न जुळणारा असा बदल करता येत नाही. शिवाय ती काजळी तुमच्याच गल्लीत उतरणार.

आणि न विचारलेला सल्ला : तुमचा रोजचा रस्ता हाच राहणार असेल, तर पुढची गाडी पेट्रोलची घ्या.